तोंडी ऑर्डर

आई गेल्यानंतर तीन आठवड्यांनी नर्सिंग स्कूलच्या सभागृहात तिची शोकसभा ठरली. छापील कागदावर पहिलं नाव मोठ्या डॉक्टरांचं होतं, दुसरं आत्याचं आणि तिसरं माझं. तो कागद माझ्या धाकट्या भावाने आणून दाखवला. आईला उशिरा का होईना बढती मिळाल्यासारखा त्याचा चेहरा झाला होता.

"मोठे डॉक्टर स्वतः येतायत," तो म्हणाला. "सभा घ्यायची कल्पनाही त्यांचीच म्हणे."

"बरं झालं. मलाही त्यांना काही ऐकवायचंय."

त्याने कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ताई, चार चांगले शब्द बोल आणि खाली बस. शोकसभा आहे ती, कोर्ट नाही."

ते मला माहीत होतं. कोर्टात साक्षीदारांना समन्स धाडावं लागतं. इथे ते आपणहून, कडक इस्त्रीच्या कपड्यांत येणार होते.

आईने पस्तीस वर्षं नर्सची नोकरी केली. पहिली चोवीस वर्षं स्त्रियांच्या वॉर्डात, शेवटची अकरा तळघरात. तळघरात निर्जंतुकीकरणाचा विभाग होता. कात्र्या, चिमटे आणि वाट्या धुवायच्या, कापडात बांधायच्या, वाफेच्या यंत्रात घालायच्या, गॉजच्या घड्या घालून डबे भरायचे. तिथे खिडकी नव्हती आणि पेशंटही येत नसत. पेशंट येत नाहीत म्हणूनच तिला तिथे ठेवलं होतं.

निवृत्त झाल्यावर मात्र पेशंट घरी येऊ लागले. आमच्या गल्लीत तिला 'सिस्टरबाई' म्हणत. ती कुणाचं ड्रेसिंग करी, कुणाचं ब्लड प्रेशर बघे. अंथरुणाला खिळलेल्या सासूला कुशीवर कसं वळवायचं, हे तिने निदान वीस सुनांना शिकवलं असेल. "ओढायचं नाही, लोटायचं नाही. त्या बाईला आधी सांगायचं, मी आता तुम्हाला वळवतेय. ती पोतं नाहीये," असं ती दरडावून सांगे, आणि सुना मुकाट्याने ऐकत. बाबांचं शेवटचं वर्ष तिने काढलं. आत्याच्या पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा महिनाभर आत्या आमच्याच घरी होती. पथ्याचं जेवण, औषधांच्या वेळा, टाके, सगळं आईने केलं. माणूस बरा झाला की नर्सला विसरतो, ती म्हणायची, आणि विसरला की समजायचं, पूर्ण बरा झाला.

एकच गोष्ट ती करत नसे. इंजेक्शन देत नसे. कुणी सिरिंज घेऊन आलं की ती त्याला कोपऱ्यावरच्या कंपाउंडरकडे पाठवी. लोकांना वाटे, वयामुळे नजर कमी झाली. नजर शेवटपर्यंत चांगली होती. सुईत दोरा ती माझ्याआधी ओवायची.

मी चौदा वर्षांची होते. शाळा दोन वाजता सुटायची आणि बाबा छापखान्यातून सातशिवाय येत नसत, म्हणून मी आईच्या वॉर्डात जाऊन बसायचे. ते नियमाविरुद्ध होतं. ड्यूटी रूममध्ये औषधांच्या कपाटामागे एक स्टूल होतं. बाहेरून आलेल्याला तिथे बसलेलं माणूस दिसत नसे. त्या दुपारी मी नकाशात नद्या भरत होते. आई टेबलापाशी होती, आणि आत्या बेसिनपाशी, कोपरापर्यंत साबण लावून. आत्या म्हणजे बाबांची धाकटी बहीण. तिला नर्सिंगला आईनेच घातलं होतं, त्याच वॉर्डात कामाला लावलंही आईनेच. त्या वॉर्डात एक शिस्त होती. फोन वाजला की सगळे नळ बंद करायचे. आत्याने कोपराने नळ बंद केला.

फोनवरून आलेल्या सूचनेला 'तोंडी ऑर्डर' म्हणत. तिची रीत ठरलेली. फोन घेणारीने प्रत्येक शब्द मोठ्याने परत म्हणायचा. दुसरीने जवळ उभं राहून ऐकायचा. मग लाल शाईने वहीत लिहायचं आणि दोघींनी सही करायची. डॉक्टर वॉर्डात आले की तिसरी सही त्यांची. "तीन सह्या नसतील तर ती ऑर्डर नव्हे, गप्पा," असं आई नव्या मुलींना शिकवायची.

फोनवर मोठे डॉक्टर होते. तेव्हा ते इतके मोठे नव्हते, पण सगळे म्हणायला लागले होते. आई म्हणाली, आणि तिचे शब्द मला आजही जसेच्या तसे म्हणता येतात, "नऊ नंबर. पेनिसिलीन. टेस्ट डोस सकाळी तुमच्या क्लिनिकमध्ये दिलाय, रिअ‍ॅक्शन नाही. पुन्हा टेस्ट नको. पूर्ण डोस आत्ताच. बरोबर, डॉक्टर?" मग थोडं थांबून, "हो. पुन्हा टेस्ट नको."

फोन ठेवून तिने वही ओढली. "ऐकलंस ना?"

"ऐकलं, वहिनी. हात धुऊन करते सही."

दुसरी कुणी असती तर आईने तिला हात पुसायला लावून आधी सही घेतली असती. तसं करताना मी तिला पाहिलं होतं, नव्या मुली तिच्यावर त्यासाठी चिडायच्यासुद्धा. पण ही नणंद होती. आईने सहीची जागा मोकळी सोडली आणि इंजेक्शन भरलं.

नऊ नंबरला एक तरुण बाई होती, पायाची जखम चिघळली म्हणून आलेली. इंजेक्शन दिल्यावर पाच मिनिटांत धावपळ सुरू झाली. कुणीतरी ऑक्सिजनची नळी मागत होतं, आत्या धावत आत गेली, आणि एका आयाने मला दंडाला धरून मागच्या जिन्याने खाली नेलं. अर्ध्या तासात ती बाई गेली. सकाळी क्लिनिकमध्ये ज्या बाईला टेस्ट डोस दिला होता, ती वेगळीच होती. डॉक्टरांनी दोन पेशंटांची गल्लत केली होती.

चौकशी झाली. डॉक्टर म्हणाले, "मी टेस्ट करून द्या असं सांगितलं होतं." वहीत तिसरी सही नव्हती, कारण ते सही करायला आलेच नाहीत. दुसरी सहीही नव्हती. आत्या म्हणाली, "नळ चालू होता. मला नीट ऐकू आलं नाही."

मी आईला म्हणाले, मी सांगते, मी सगळं ऐकलंय. आई भाजी चिरत होती. "तू तिथे नव्हतीस," ती म्हणाली.

"होते ना!"

"ड्यूटी रूममध्ये मुलांना बसवत नाहीत. तू तिथे नव्हतीस." मग सुरी खाली ठेवून ती म्हणाली, "टेस्टला वीस मिनिटं लागतात. मला काय गाडी पकडायची होती? ऑर्डर त्यांची असेल, सुई माझी होती."

त्यानंतर आमच्या घरात हा विषय निघाला नाही. आई तळघरात गेली. दोन वर्षांत आत्या हेडनर्स झाली आणि पुढे मेट्रन. आमच्याकडे तिचं येणं-जाणं तसंच राहिलं. आई तिला कधी टाकून बोलली नाही. पण त्या दिवसानंतर आईने तिच्याकडे काही मागितलंही नाही, साधा पाण्याचा पेलाही नाही. आत्या आली की आई उठायची, देत राहायची. ते चांगुलपणातून होतं असं भावाला वाटायचं. मला तसं वाटत नाही. मला वाटतं, आत्यालाही तसं वाटत नसे.

सभेच्या दोन दिवस आधी आत्या आली. हातात भाषणाचे तीन कागद होते.

"तू वाचणारी-लिहिणारी. जरा शुद्धलेखन बघ गं. एवढ्या लोकांत हसं नको."

मी पेन्सिल घेऊन वाचलं. वहिनी म्हणजे मूर्तिमंत सेवा. वहिनीने मला घडवलं. मी दोन वेलांट्या सुधारल्या आणि कागद परत दिले.

"एक गोष्ट राहिलीये, आत्या."

"कुठली?"

"नऊ नंबर."

तिने चष्मा काढला. पुसला नाही, नुसता हातात धरून बसली. "पोरी, वहिनी गेली. आता ते उकरून कुणाचं भलं होणार?"

"भलं करायला मी नर्स थोडीच आहे."

"मी साठी ओलांडली. अजून लोक रस्त्यात थांबवून मेट्रन म्हणतात मला."

"आईला काय म्हणतात माहीत आहे? आपल्या गल्लीत नाही, दोन गल्ल्या पलीकडे. चुकीचं इंजेक्शन देणारी."

"माझ्या घरी दोन लहान मुली होत्या. नवरा घरी बसलेला. दोघींनी बुडण्यात काय शहाणपण होतं, सांग की! वहिनीने मला एक शब्द विचारला असता, एक शिवी दिली असती, तर मी..." तिने चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "तिने काही विचारलंच नाही. तेच तर."

"मी विचारतेय. परवा डॉक्टरांनंतर तुझं भाषण आहे. ऊठ आणि सांग, तू काय ऐकलंस. तू नाही सांगितलंस तर तुझ्यानंतर मी आहे. आणि मी सांगितलं तर नळाचंही सांगेन."

"धमकी देतेस?"

"हो."

"वहिनीच्या पोटी अशी कशी निपजलीस गं तू?"

"तिने जे गिळलं ते कुणालातरी बाधणारच ना," मी म्हणाले. तिने कागद पिशवीत घातले आणि चहा तसाच ठेवून गेली.

दुसऱ्या दिवशी मी घड्याळवाल्यांकडे गेले. नऊ नंबरची ती बाई यांची बायको. त्यांचं दुकान म्हणजे जिन्याखालची एक फळी, मागे भिंतभर घड्याळं, आणि प्रत्येकात वेगळी वेळ. गेली सव्वीस वर्षं हे गृहस्थ आमच्या गल्लीतून गेले नव्हते. बाजारात आई समोरून आली की रस्ता ओलांडत. आई मात्र त्यांच्यासाठी रस्ता बदलत नसे. मान खाली घालून तशीच चालत राही.

त्यांनी डोळ्याला भिंग लावलं होतं. वर न बघता म्हणाले, "काय बंद पडलंय?"

"काही नाही. मी सिस्टरबाईंची मुलगी. उद्या चार वाजता शोकसभा आहे, तुम्ही यावं."

हातातला चिमटा तसाच राहिला. "आठवणी सांगायला बोलावताय? माझ्याकडे एकच आहे."

"तीच ऐकायला बोलावतेय. ती चुकीची आहे."

आता त्यांनी भिंग काढलं. मला वाटलं, हाकलून देतील. त्यांनी मला नीट पाहिलं, चेहऱ्यात आई दिसते का ते शोधल्यासारखं, आणि मग पुन्हा भिंग लावलं. "ग्राहकांची कामं आहेत," ते म्हणाले. येतो म्हणाले नाहीत.

ते आले. सगळ्यात मागे, दाराजवळ, खुर्ची रिकामी असूनही उभे राहिले. सभागृह भरलं होतं. गल्लीतले लोक, निवृत्त नर्सेस, पांढऱ्या गणवेशातल्या शिकणाऱ्या मुली. टेबलावर आईचा फोटो होता, वॉर्डातल्या दिवसांतला, डोक्यावर टोपी घातलेला.

मोठे डॉक्टर छान बोलतात. त्यांनी आईला मी ओळखतही नाही इतकी गरीब गाय करून टाकलं. "सिस्टर कधी उलट बोलल्या नाहीत," ते म्हणाले, आणि पुढच्या रांगेतल्या माना हलल्या. मग त्यांनी आवाज खाली आणला. "माणूस म्हटलं की चूक होते. त्यांच्या हातूनही एकदा एक मोठी चूक झाली. पण आम्ही त्यांना टाकलं नाही. मी स्वतः तेव्हा म्हणालो, या बाईंना कामावरून काढू नका. आणि त्यांनीही ते उपकार आयुष्यभर स्मरले."

सभागृहातून कौतुकाचा एक हलका उसासा आला. शोकसभेत मेलेल्या माणसाला पुन्हा एकदा माफ करून हे गृहस्थ खाली बसले आणि त्यांनी रुमालाने कपाळ टिपलं. मी दाराकडे पाहिलं. घड्याळवाले जिथे होते तिथेच उभे होते.

आत्या उठली. माईकपाशी जाऊन तिने तीन कागद उघडले, आणि एकावर एक ठेवून घडी घातली.

"नऊ नंबर," ती म्हणाली. मेट्रनचा तो आवाज मी कित्येक वर्षांत ऐकला नव्हता. "पेनिसिलीन. टेस्ट डोस सकाळी क्लिनिकमध्ये दिलाय, रिअ‍ॅक्शन नाही. पुन्हा टेस्ट नको. पूर्ण डोस आत्ताच. ही ऑर्डर फोनवरून यांनी दिली." तिने बोट दाखवलं नाही, नुसती मान वळवली. "माझ्या वहिनीने ती मोठ्याने परत म्हटली. मी शेजारी उभी होते. क्लिनिकमधली ती बाई दुसरीच होती. चूक यांची होती."

मागच्या बाजूला कुणाची तरी खुर्ची सरकली. डॉक्टर अर्धवट उठले. "ही जागा नव्हे. इतक्या जुन्या गोष्टी—"

"मग तुम्हीच कशाला काढल्यात, डॉक्टर?" तिसऱ्या रांगेतून आवाज आला. आईच्या वॉर्डातली म्हातारी आया होती, मला जिन्याने खाली नेणारी. "आम्ही बापडे गप बसलो होतो."

कुणीतरी हसलं. डॉक्टरांचा चेहरा पाहून मला जे सुख झालं ते मी लपवणार नाही. सव्वीस वर्षं मी त्या चेहऱ्यावर हेच बघायला टपले होते, आणि ते माझ्या अपेक्षेपेक्षा जास्त निघालं.

इथे थांबता आलं असतं. पण आत्याने माईक सोडला नाही. "हे मी तेव्हाही सांगितलं होतं," ती म्हणाली. "चौकशीत अगदी स्पष्ट सांगितलं होतं. पण एका साध्या नर्सचं कोण ऐकतो? माझं म्हणणं दाबून टाकलं." आणि तिने डोळ्यांना पदर लावला नाही की आवंढा गिळला नाही. खरं सांगताना जेवढी स्थिर होती तेवढीच स्थिर राहून ती खाली उतरली. शिकणाऱ्या मुलींनी टाळ्या वाजवल्या. माझ्याजवळून जाताना तिने माझ्याकडे पाहिलं, सामान पोचतं करून पावती मागणाऱ्यासारखं.

आईचं नाव धुऊन निघालं होतं. माझ्या कागदावर चार चांगले शब्दही होते. भाऊ शेजारून पुटपुटला, "ताई, पुरे."

मी माईक घेतला. "त्या दुपारी मीही ड्यूटी रूममध्ये होते," मी म्हणाले. "औषधांच्या कपाटामागे. ऑर्डर आत्ता सांगितली तशीच होती, शब्दन् शब्द. पण चौकशीत आत्याने हे सांगितलं नाही. ती म्हणाली, नळ चालू होता, ऐकू आलं नाही. नळ बंद होता. तिनेच तो बंद केला होता. वहीत एक सही करायची होती, आणि ती हात धुऊन करते म्हणाली होती. माझ्या आईने सहीची जागा मोकळी सोडली, कारण ती घरची होती." मग मी थांबले, आणि जे बोलायचं ठरवलं नव्हतं ते बोलले. "मीही आजवर गप्प बसले. तेही ऐकून ठेवा."

टाळ्या वाजल्या नाहीत. आत्या उठली, पिशवी खांद्याला लावली आणि खुर्च्यांच्या मधल्या वाटेने दाराकडे चालत गेली. तिला वाट द्यायला कुणी पाय आत घेतले नाहीत. एकेका गुडघ्याला वळसा घालत ती गेली. मी शेवटपर्यंत पाहत राहिले.

डॉक्टर बाजूच्या दाराने केव्हा गेले ते कळलंच नाही. भावाने आईचा फोटो काखेत घेतला. "झालं समाधान?"

"हो," मी म्हणाले. ते खरं होतं.

बाहेर पायऱ्यांवर घड्याळवाले थांबले होते. मी जवळ गेले. संध्याकाळच्या उन्हात त्यांचे डोळे सारखे मिटत होते, दिवसभर जिन्याखाली बसणाऱ्या माणसाचे मिटतात तसे.

"म्हणजे त्यांनी नाही मारलं," ते म्हणाले.

"नाही."

"मला वेळेवर दवाखान्यात कुणी बोलावलं नव्हतं. निरोप मिळाला तेव्हा मी दुकानात होतो. पोचलो तर चादर ओढलेली." त्यांनी खिशातून हात काढले, पुन्हा घातले. "ती शेवटी काही म्हणाली का, हे मला कुणालाच विचारता आलं नाही. विचारायचं तर तुमच्या आईला. आणि त्यांचं तोंड बघायचं नाही असं मी ठरवलेलं." त्यांनी विचारलं, "त्यांनी तुम्हाला त्याबद्दल कधी काही सांगितलं?"

"नाही."

"मी एकदा जरी आलो असतो..." मग सभागृहाच्या दाराकडे बघून म्हणाले, "त्या दुसऱ्या सिस्टर होत्या ना तिथे? आत्ता गेल्या त्या. त्या सांगतील?"

डॉक्टरांना आणि आत्याला काय मिळायला हवं याचा हिशोब मी इतकी वर्षं केला होता. या माणसाला काय हवं असेल, हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मी त्यांना फक्त साक्षीदार म्हणून आणून उभं केलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आत्याच्या दारात गेले. ती दुसऱ्या मजल्यावर राहते, खाली चपलांचं दुकान आहे. बेल वाजवली.

"कोण आहे?"

"मी."

"मेट्रन गेली काल. दुसरं कुणी हवंय का?" दार मात्र उघडलं. ती रात्रभर झोपली नव्हती हे दिसत होतं, पण केस नीट विंचरलेले होते. "माफी मागायला आलीस?"

"नाही."

"बरं. मागितली असतीस तर दार लावून घेतलं असतं. खोटं मलाही कळतं, माझाच धंदा तो."

मी उंबऱ्यातूनच विचारलं. घड्याळवाल्यांची बायको शेवटी शुद्धीत होती का, काही म्हणाली का.

आत्याने दाराची कडी हातात धरून ठेवली. खाली दुकानाचं शटर वर गेलं, कुणीतरी पेट्या सरकवल्या. "म्हणाली," ती म्हणाली. "वहिनीने तिला धरून बसवलं होतं, श्वास घेता यावा म्हणून. मी पलीकडून. बराच वेळ बोलत होती ती. मी प्रत्येक शब्द ऐकला, तेव्हा कुठला नळबिळ चालू नव्हता."

"काय म्हणाली?"

"तुला नाही सांगणार."

"आत्या—"

"तुझ्या हातात काही आलं की तू ते फेकून मारतेस. चांगला नेम आहे तुझा, काल बघितला मी. हे त्यांचं आहे. त्यांना घेऊन ये."

मी त्यांना दुपारी घेऊन आले. त्यांनी स्वच्छ शर्ट घातला होता आणि जिन्यात दोनदा थांबून दम घेतला. आत्याने खोलीत समोरासमोर दोन खुर्च्या ठेवल्या होत्या, मध्ये पाण्याचा तांब्या. ती त्यांना 'या' म्हणाली, ते आत गेले. मी पाय टाकणार तेवढ्यात ती मला म्हणाली, "तू जिन्यात थांब."

दार जुनं होतं, पातळ फळ्यांचं. आत खुर्ची सरकल्याचं, तांब्यातून पाणी ओतल्याचं ऐकू आलं. आत्या बोलू लागली, हळू, एकेक शब्द सुटा करत. कान लावला असता तर सगळं कळलं असतं, आणि आई त्या अर्ध्या तासात काय करत होती, तिने त्या बाईला काय उत्तर दिलं, तेही. आईचं एवढंच माझ्याकडे नाही. सव्वीस वर्षं इंजेक्शनला हात न लावण्याचं सगळं कारण त्या अर्ध्या तासात असणार. मी दाराजवळ उभी राहिले, आणि मग एक मजला खाली उतरून पायरीवर बसले. आत्याने मला शिक्षा दिली होती. ती मोजूनमापून होती आणि बरोबर जागी लागली होती.

बऱ्याच वेळाने वर दार वाजलं. घड्याळवाले भिंतीला हात टेकत उतरले, माझ्याकडे न बघता शेजारून गेले, आणि खाली चपलांच्या दुकानापुढे क्षणभर उभे राहून आमच्या गल्लीच्या बाजूला वळले.

"गेले का गं नीट?" वरून आत्याने विचारलं.

"गेले."

तिने दार लावून घेतलं.